हाडांचं पाणी, पोटाचं पाणी

चंद्रपूर-गडचिरोलीहून परत आल्यापासून सोसायटीत जो भेटतो तो एकच विचारतो, "वाघ दिसला का?" नाही दिसला. मी संडास बघायला गेले होते. हे ऐकलं की समोरच्याला एकदम काहीतरी काम आठवतं आणि तो लिफ्टकडे वळतो. म्हणून लिहून काढते आहे. कागद निदान लिफ्टकडे वळत नाही.

मी पुण्यातल्या एका शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर एका संस्थेने मला 'त्रयस्थ निरीक्षक' केलं. काम असं की, जी गावं आधीच 'स्वच्छ आणि सुजल' म्हणून जाहीर झाली आहेत तिथे जायचं, एक मुक्काम करायचा आणि मोबाइलवरचा फॉर्म भरून द्यायचा. म्हणजे लग्न लागून मुलंबाळं झाल्यावर पत्रिका जुळवायला मला बोलावलं होतं. मीही नवी चप्पल आणि गळ्यात ओळखपत्र घालून निघाले.

चिमूर

चिमूरच्या चौकात मला घ्यायला वासेकर आले होते. हे संस्थेचे स्थानिक समन्वयक, राहणारे आरमोरीचे, पन्नाशीचे, कायम हसतमुख. त्यांच्या जीपच्या मागच्या सीटवर बाटलीबंद पाण्याची खोकी रचलेली होती. त्यांतल्या एका बाटलीने त्यांनी हात धुतले, दुसरीने चूळ भरली आणि मग म्हणाले, "चला मॅडम, आधी नाश्ता करू."

इथे पोह्यांवर हरभऱ्याची झणझणीत तर्री ओततात. आम्ही पुण्यात पोह्यांवर खोबरं भुरभुरतो, लिंबाची फोड ठेवतो आणि पाहुण्याचा निरोप घेतो. इथे पोहे हे तर्री खाण्याचं निमित्त. डोळ्यांतून पाणी काढत मी फॉर्म उघडला. पहिलाच प्रश्न होता, 'शौचालय वापरात आहे का?' उत्तरं दोन. 'हो' आणि 'अंशतः हो'.

"आणि वापरात नसेल तर?" मी विचारलं.

"ते 'नाही'चं बटन होतं मॅडम पयले. काढून टाकलं."

"का?"

"लोक तेच दाबून राह्यले होते न."

हे त्यांनी इतक्या सरळपणे सांगितलं की मी पुन्हा पोह्यांकडे वळले.

पोंभुर्ण्याच्या पुढे

गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या लोकांच्या नशिबी आणखी एखादा निरीक्षक यायला नको. पोंभुर्णा मागे टाकून जंगलात शिरलं की मोहाचा गोडसर, आंबूस वास जीपमध्ये भरतो. फुलं वेचायचे दिवस होते. झाडाखाली बायका वाकलेल्या आणि त्यांच्याभोवती पिवळ्या फुलांचा सडा. मग एकदम सिमेंटची कमान आली. कमानीवर चकचकीत नळ रंगवला होता आणि त्यातून धो धो पाणी पडत होतं.

"गावातलं एवढंच पाणी बाराही महिने चालू राह्यते," वासेकर म्हणाले.

माझा मुक्काम शेवंताबाई मडावींकडे होता. काटक बाई, माझ्याच वयाची, पण तिच्या मानाने मी फारच आरामात म्हातारी झाले आहे. त्यांचे यजमान सोमाजी अंगणात बाजेवर बसले होते. मी आले तसे ते नुसती मान न वळवता कमरेपासून सगळेच्या सगळे माझ्याकडे वळले आणि हात जोडले. केवढा हा आदर, असं मी मनात म्हटलं. त्यांची मान आणि पाठ एकसंध झालेली आहे, मान वेगळी वळतच नाही, हे मला संध्याकाळी कळलं. तोवर मी डायरीत 'अगत्यशील' असं लिहून मोकळी झाले होते. त्याच्याखाली आणखी एक नोंद आहे, 'लोक लाजाळू, हसताना तोंडावर पदर घेतात.' तीही तितकीच हुशारीची होती.

शेवंताबाई रिकामा गिलास घेऊन दारात आल्या. "कोणतं देऊ बाई? पंपाचं का विहिरीचं?"

पाण्यातही निवड असते हे मला नवीन होतं. मी विचारलं, फरक काय?

"पंपाचं दिसाले साफ, पन ते हाडं खाते," त्या म्हणाल्या. "विहिरीचं हाडायले काही करत नाई, पोट बिघडवते. मंग चार-पाच वर्सापासून आमी वाटून घेतलं. आमचे बुढे पंपाचंच पेतेत, त्यायची हाडं तशीबी गेली. लेकरायले विहिरीचं देतो, उकळून. सरपण असन तं. पावसाळ्यात समदे पंपाचं, तवा विहिरीत समदं गावच वाहून येते. आन पाव्हण्याले पंपाचं. एका दिसानं कोणाची हाडं वाकत नाई जी."

घरातल्या माणसांना कोणतं विष सोसेल याचा एवढा नेटका हिशेब मी कुठल्याही पाठ्यपुस्तकात वाचला नव्हता. यावर गप्प बसायला हवं होतं. पण मी शिक्षिका. मी त्यांना पंपाच्या पाण्यातल्या फ्लोराइडविषयी सांगू लागले. खोल खडकातून ते पाण्यात कसं उतरतं, दातांवर आणि हाडांवर कसं बसतं, सगळं. ज्यांच्या घरात ते बाजेवर बसलेलं होतं त्या बाईने ते शांतपणे ऐकून घेतलं. मग मी म्हटलं, "म्हणून मला विहिरीचंच द्या."

"आज उकळलेलं नाई बाई. पंपाचं प्या."

"चालेल हो. माझं पोट दणकट आहे."

वासेकरांनी आपल्या बाटलीचं सील तोडलं.

शेवंताबाईंची मुलगी वनिता गाव दाखवायला आली. वय वीसेक, बारावी झालेली, चालताना ओढणीचं टोक सतत तोंडाशी. आधी तिने पंप दाखवला. तो कधीकाळी लाल रंगवला होता, म्हणजे हे पाणी पिऊ नका. पुढे एका पाहणीच्या आदल्या दिवशी कुणीतरी गावातल्या सगळ्याच वस्तूंना छान निळा रंग दिला. बाक निळे, खांब निळे, पंपही निळा.

मग तिने पाणी शुद्ध करणारं यंत्र दाखवलं. त्याच्या खोलीवर संगमरवरी पाटी आहे आणि पाटीवर इतकी नावं आहेत की नळ लावायला जागा कशी उरली याचं नवल वाटतं. उद्घाटनाच्या दिवशी ते चाललं. पुढे आतला कुठलासा भाग गेला. आता खोलीला कुलूप आणि पायरीवर एक बकरी.

आणि संडास. प्रत्येक घरामागे एक, पत्र्याच्या दाराचा, दारावर हसऱ्या सूर्याचं चित्र. एकात सरपण होतं, एकात कोंबड्या. शेवंताबाईंच्या संडासात छपरापर्यंत वाळलेल्या मोहफुलांच्या टोपल्या. मी फॉर्म काढला. 'वापरात आहे का?' आता वापरात तर होताच. मी 'हो' दाबलं आणि माझ्या विनोदबुद्धीवर खूश झाले.

पुढची अट होती, शौचालयासमोर लाभार्थीचा फोटो. लाभार्थी हसतमुख असावा. शेवंताबाई उभ्या राहिल्या, ओठ घट्ट मिटून.

"हासा न बाई," वासेकर म्हणाले. त्या हसेनात. वासेकरांनी शेजारणीला बोलावलं. तिने पदर नाकापर्यंत घेतला. शेवटी वनिता पुढे झाली. "मी हासतो. काढा."

तिने ओढणी सोडली आणि मोठ्याने, मुद्दाम हसली. समोरचे सगळे दात तपकिरी, आडव्या पट्ट्यांचे, जागोजागी खड्डे पडलेले.

"दोन जागचे पाव्हणे पाहून गेले," ती म्हणाली. "पोरगी तंबाखूचा खर्रा खाते म्हणे. मी आजपावतर सुपारीबी तोंडात नाई टाकली मॅडम. काढला का?"

काढला. गावात नेटवर्क फक्त त्या संगमरवरी पाटीखाली येतं. तिथे उभं राहून फोटो पाठवला. तासाभरात पुण्याहून संस्थेचं उत्तर आलं, 'दुसरा लाभार्थी घ्या.' मी घेतला नाही. बाणेदारपणा म्हणून नव्हे. तोवर माझ्या पोटात काहीतरी हललं होतं आणि मला बसायचं होतं.

उजाडताना

रात्रीचा लाखोरीच्या डाळीचा वरणभात अपराधी नव्हता, हे आधीच सांगते. तो मी अर्धाच खाल्ला होता. पहाटे जाग आली ती पोटाच्या पिळाने. मी धावत संडासाकडे गेले, पत्र्याचं दार ओढलं आणि हसऱ्या सूर्यामागून मोहफुलांची एक टोपली माझ्या पायावर पडली. फॉर्ममध्ये या संडासापुढे 'हो' होतं. माझीच सही होती.

"तिकडं नाई मॅडम, इकडं," मागून वनिता म्हणाली. तिच्या एका हातात डबा होता आणि दुसऱ्यात काठी. आणखी पाच-सहा बाया निघाल्या होत्या, एक जण ताट वाजवत. वाघाच्या भीतीने एकटीने जायचं नाही, उजाडल्यावर गडीमाणसं बाहेर पडतात म्हणून उशिराही जायचं नाही, आणि दिवसभर पुन्हा जायचं नाही. या वेळेत जिचं पोट साफ होईल ती सुखी. शहरातली माणसं महिनोन् महिने आधी जागा राखून, उघड्या जीपमधून याच वाघाला शोधत फिरतात. मी डबा घेऊन त्याच्या घरात चालले होते आणि तो भेटू नये म्हणून विज्ञानाला न मानवणारी प्रार्थना करत होते.

दुसऱ्या फेरीला मी काठी धरून गेले. तिसऱ्या फेरीला मला उभंच राहता येईना. तेव्हा शेवंताबाईंनी टोपल्या बाहेर काढल्या, अंगणात ओळीने मांडल्या, संडास झाडला आणि मला आत बसवलं. पाणी विहिरीचं, विहीर उताराच्या तळाशी. मी आत जाऊन आले की वनिता दोन बादल्या घेऊन खाली जायची आणि मी पुन्हा आत जायच्या आधी धापा टाकत वर यायची. नंतर शेजारणीही लागल्या. एका त्रयस्थ निरीक्षकाच्या पोटासाठी निम्मं गाव चढ-उतार करत होतं.

जरा बरं वाटल्यावर मी बाजेवर पडल्या पडल्या शेवंताबाईंना विचारलं, "एवढं पाणी आणावं लागतं म्हणून वापरत नाही का तुम्ही?"

"वापरलं न पयले. पंधरा दिस वापरलं." त्या मोहफुलं पुन्हा टोपल्यांत भरत होत्या. "त्यायनं खड्डे धड खणलेच नाई. पाइप काढला आन मातीत सोडला. समदे संडास वर, विहीर खाली. पंधरा दिसात विहिरीच्या पाण्याले वास आला. मंग आमी बायायनंच बसून ठरवलं, संडास बंद. आज तुमच्यासाठी उघडला."

ज्या विहिरीचं पाणी पिऊन मी आजारी पडले, तिच्यातच मी सकाळपासून भर घालत होते.

"मनाले नका लावून घेऊ," त्या म्हणाल्या. "आजारी माणूस कुठी जाईन?" आणि मग हात न थांबवता म्हणाल्या, "मागच्या पावसाळ्यात माह्या नातीले असंच झालं. दीड वर्साची होती. तवा आमी पावसाळ्यातबी लेकरायले विहिरीचंच देत होतो. नाल्याले पूर, रस्ता बंद. दोन दिस."

"मग?"

"मंग काय जी." त्यांनी टोपली उचलली. "पोरगा आन सून तवापासून इथी राह्यतच नाई. मिरची तोडाले तेलंगणात जातेत, कामं सरली तरी लवकर येत नाई."

दुपारी गावातल्या आरोग्यसेविका आल्या. त्यांनी क्षारसंजीवनीचं पाकीट दिलं. पाकिटावर लिहिलं होतं, 'स्वच्छ पाण्यात मिसळून घ्या.' मी ते मोठ्याने वाचलं. अंगणात कुणीच हसलं नाही. वासेकरांनी खाली मान घालून जीपमधून एक बाटली आणून दिली. त्या बाटलीने मी उठून बसले. माझी हाडंही वाचली, पोटही वाचलं, कारण माझ्याकडे जीप होती आणि मी निघणार होते.

आरमोरी

दुसऱ्या दिवशी वासेकरांनी मला वैनगंगेपलीकडे आरमोरीला आपल्या घरी नेलं. त्यांच्या आईने तांदळाची पेज केली. वर मीठ, बाजूला जवसाची चटणी. "एवढं घ्याच बाई," म्हणत ती समोर बसून राहिली. पेज मी आजवर आजाऱ्याचं अन्न समजत होते. त्या दिवशी ती मला कुठल्याही मेजवानीहून मोठी वाटली.

बाजाराचा दिवस होता. धानाची पोती, मिरच्यांचे ढीग, रंगीत बादल्यांची रास. वासेकर मला ओट्यावर घेऊन बसले. पहिल्यांदाच ते हसत नव्हते.

"हे गाव मी तीनदा भरलं मॅडम. तीनीबार 'हो'."

"तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटते न. म्हणून तं बाटल्या घेऊन जातो." मग म्हणाले, "खाली अभिप्रायाची एक चौकट आहे. कोणी भरत नाई. तुमी शिकलेल्या आहा, तुमी लिवा."

मी लिहिलं. पंपाचं पाणी पिण्यास अयोग्य. शौचालयांना खड्डे नाहीत, मैला विहिरीकडे झिरपतो. शुद्धीकरणाचं यंत्र बंद. तातडीने कार्यवाही व्हावी. पाठवताना छाती इतकी भरून आली की वाटलं, आता वैनगंगाच वळून गावात येणार.

पुण्यात

दीड महिन्याने संदेश आला, 'आपल्या अभिप्रायावर कार्यवाही पूर्ण झाली आहे.' मी तो सोसायटीच्या गटावर टाकला. बरेच अंगठे आले. मग वनिताला फोन केला, अभिनंदन स्वीकारायला.

"हो मॅडम, साहेब आले होते," ती म्हणाली. "तुमी लिवलं होतं न पंपाचं पाणी खराब आहे म्हणून? पंपाचा दांडा काढून नेला."

"आणि यंत्र?"

"ते त्यायच्या कागदात नव्हतं म्हणे."

"मग आता काय पिता?"

"विहीर."

पावसाळा तोंडावर आला होता. मी बाहेरची माणूस, एका गिलासात आजारी पडले, आणि एका चौकटीत चार ओळी लिहून त्यांची पावसाळ्याची वाटणीच मोडून आले. मी संस्थेला फोन केले, पाणीपुरवठ्याच्या कार्यालयाला पत्रं लिहिली. सगळीकडून 'दखल घेतली आहे' असं उत्तर आलं. दखल घेण्यात आपला देश कुणाला हार जाणार नाही. वासेकरांना विचारलं तर ते म्हणाले, "मी करतो काहीतरी," आणि त्यांचा फोन लागेनासा झाला.

काही दिवसांनी वनिताचाच फोन आला. मागून एसटीचा आवाज येत होता. वासेकरांनी आपल्या जीपमधल्या रिकाम्या बाटल्या गावात पोचवल्या होत्या, पोतंभर. शेवंताबाईंनी आणि बायांनी त्या विहिरीच्या पाण्याने भरल्या आणि कार्यालयात जाऊन प्रत्येक टेबलावर एकेक ठेवली.

"आईनं सांगतलं, साहेब, उन्हाचे आले आहा, पाणी प्या. तुमीच पास केलेलं आहे."

"मग? प्यायले?"

"कोणी हात नाई लावला. एक साहेब बाटलीकडं असा पाहून राह्यला जसा साप आहे. एका शिपायानं पेलं. तो आमच्याच भागातला, त्याले सवय आहे. आमी उठलोच नाई तिथून. संध्याकाळ झाली तं मोठे साहेब आले आन मनले, आठ दिस द्या."

अकराव्या दिवशी यंत्र सुरू झालं. जो भाग गेला होता तो ओंजळीत मावेल एवढा होता म्हणे. संडासांचे पाइप अजून मातीतच आहेत, त्यासाठी वेगळा कागद लागतो. पण पाऊस लागला तेव्हा गाव यंत्राचं पाणी पीत होतं. मी ते ऐकून पेढे आणले. सोसायटीत वाटले. कशाचे ते कुणी विचारलं नाही.

परवा पुन्हा फोन झाला. वनिताची वहिनी तेलंगणातून परत आली आहे. यंत्राचं पाणी भरायला बायांबरोबर तीही गेली. तिची कळशी भरली, तरी ती नळासमोरून हलेना.

"मी मनलं, वहिनी, चाल न, मागं लाइन लागली," वनिता सांगत होती. "तं ती मनते, एवढ्याशा जिनसासाठी बंद होतं का हे? मागच्या पावसाळ्यातबी एवढंच पाह्यजे होतं का?"

वनिताच्या मागे कळश्यांचा आवाज येत होता, कुणीतरी कुणाला तरी सरकायला सांगत होतं.

"मॅडम, ठेवतो आता," ती एकदम म्हणाली. "लाइट गेली. टाकीत आहे तेवढं भरून घेतो."